दारावरचा पहारा

गणरायाच्या जन्माची कथा आपल्या घराघरांत लहानपणीच कानी पडते. पार्वतीमातेने आपल्या अंगीच्या मळापासून एक बालक घडविले, त्यात प्राण ओतला आणि स्नानास जाण्यापूर्वी त्याला दाराशी उभे करून सांगितले, की बाळा, मी येईपर्यंत कोणासही आत सोडू नकोस. पुढे प्रत्यक्ष शंकर आले. तरी त्या बालकाने वाट सोडली नाही. मग शिरच्छेद झाला, गजमुख लाभले, गणांचे अधिपत्य मिळाले. हा उत्तरार्ध सर्वांना ठाऊक आहे. आम्ही मात्र दरवर्षी चतुर्थीच्या सुमारास पूर्वार्धापाशीच रेंगाळतो. ज्याला आपण विघ्नहर्ता म्हणून पूजतो त्याच्या वाट्याला आलेले पहिले काम पहाऱ्याचे होते. ते त्याने असे केले, की समोर कोण मोठा उभा आहे हे पाहिले नाही. आपल्याला येथे कोणी उभे केले एवढेच ध्यानात ठेवले.

आज आपल्या मांडवाबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक पोलीस शिपाई बसलेला असतो. आरतीच्या वेळी तो टोपी काढतो, प्रसादाचा द्रोण घेतो आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसतो. त्याच्या जवळून जाताना आपण किंचित बाजूने जातो. का जातो? काही गुन्हा केलेला नसतो. पण पाय आपोआप वळतात. 'रडू नकोस हं, तो बघ पोलीस आला,' असे म्हणून पोरांना गप्प करणारी आई मराठी घरात आजही आढळते. बागुलबुवा गेला, पोलीस मात्र राहिला. या भीतीचा उगम शोधावा, असे यंदा आमच्या मनात आले.

पुण्याचा कोतवाल

हा शोध घेताना भाद्रपदाची एक काळी आठवण आधी समोर येते. पेशवाईत श्रावणमासी पुण्यात दक्षिणा वाटली जाई आणि तिच्यासाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्यात येत. सवाई माधवरावांच्या काळात शहराची कोतवाली घाशीराम सावळदास याच्याकडे होती. नाना फडणविसांची त्याच्यावर मर्जी होती. रात्रीची तोफ झाली, की रस्त्यावर सापडेल त्याला अटकेत टाकावे असा दंडक होता. एकदा खुद्द पेशव्यांनाच अवेळी बाहेर पडल्याबद्दल रात्रभर अडकवून ठेवल्याची आख्यायिकाही सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना तिचे कौतुक वाटे. धन्यालाही न सोडणारा पहारेकरी आपल्याला आवडतो. गणपतीच्या कथेवर वाढलेली आपण माणसे.

पण तो कोतवाल धन्याला न सोडणारा नव्हता, दुबळ्याला न सोडणारा होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये दक्षिणेसाठी आलेल्या काही तैलंगी ब्राह्मणांना त्याच्या बागेत हात घातल्याच्या आरोपावरून कोंडण्यात आले. जागा अपुरी, हवा नाही. दार उघडले गेले तेव्हा वीसहून अधिक जण गुदमरून मेलेले होते. दाराचे कुलूप तोडले ते मानाजी फाकडे यांनी. शहर खवळले, नानांच्या वाड्यापुढे जमाव जमला आणि शेवटी घाशीरामाला जमावाच्या हाती देण्यात आले. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी, म्हणजे गणेशचतुर्थी तोंडावर आली असताना, धिंड काढून त्याला दगडांनी ठेचण्यात आले. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकामुळे हे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. ते नाटक इतिहास सांगण्यासाठी लिहिलेले नव्हते आणि आम्हीही येथे त्याचा आधार घेत नाही. आमच्या मनाला बोच लागते ती दुसऱ्याच गोष्टीची. कोतवालाविरुद्ध दाद मागण्याचे धड ठिकाण त्या शहरात असते, तर ते ब्राह्मणही वाचले असते आणि तो दगडांचा दिवसही उजाडला नसता.

खेड्यांत त्या काळी निराळी रीत होती. गावाची राखण जागल्या आणि रामोशी यांच्याकडे असे आणि चोरी झाली, की चोराचा माग काढणे हे त्यांचे काम. माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन थांबे, त्या गावावर जबाबदारी पडे. चोर सापडला नाही तर भरपाई राखणदारांकडून किंवा गावाकडून घेतली जाई. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. रीत निर्दोष नव्हती. कित्येकदा चोर आणि राखणदार एकमेकांना ओळखून असत, आणि गरीब रामोशावर आळ घेणे फार सोपे होते. तरी पहारा चुकला तर पहारेकऱ्याला उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट खेड्यातल्या म्हातारीलाही ठाऊक होती.

पाहरा कोणाच्या आज्ञेने?

इंग्रजांनी ती रीत मोडली. त्यांच्या स्वतःच्या देशात १८२९ साली लंडनचे पोलीस दल उभे राहिले ते नागरिकांचा विश्वास संपादन करण्याच्या हेतूने. त्या पोलिसाच्या हाती बंदूक नव्हती. आपल्याकडे मात्र लंडनचा कित्ता आला नाही, आयर्लंडचा आला. आयर्लंडची प्रजा इंग्रजांना मानत नव्हती, म्हणून तेथे लष्करी थाटाचे सशस्त्र दल ठेवलेले होते. चार्ल्स नेपियरने सिंध जिंकल्यावर त्याच धर्तीचे दल तेथे उभारले आणि पुढे इतरत्र तो नमुना मानला गेला. १८५७ चा उठाव झाला आणि १८६१ साली पोलिसांचा कायदा आला. वर्षे जवळ ठेवून पाहिली, की कायद्याचा हेतू वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दाराशी पहारेकरी उभा राहिला. पण त्याला उभे करणारी घरातली माता नव्हती. त्याचे तोंड घराकडे होते, घरातल्यांवर नजर ठेवण्यासाठी.

आम्ही कडवटपणे लिहीत आहोत असे कोणास वाटेल. १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच नेमलेल्या आयोगाने काय म्हटले ते पाहावे. पोलीस अकार्यक्षम आहेत, लोक त्यांना लाचखाऊ आणि जुलमी समजतात आणि जनतेचा विश्वास त्यांना मुळीच मिळविता आलेला नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. राज्यकर्त्यांच्या लेखणीतून उतरलेला हा कबुलीजबाब होय.

त्याच्या दहा वर्षे आधी, १८९३ साली, लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याची चळवळ हाती घेतली होती. मेळे निघाले, पदे रचली गेली, व्याख्याने झाली आणि सरकारी पहाऱ्याला नवे काम मिळाले. कोणत्या मेळ्यात काय गाइले गेले याची टिपणे होऊ लागली. पुढे मेळ्यांवर निर्बंधही आले. आमच्या आजोबांच्या पिढीने पोलीस पाहिला तो असा, आरतीला हात न जोडता कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात उभा असलेला. तेव्हा आजीने पोरांना 'पोलीस आला' म्हणून भिवविले असेल तर तिचे काय चुकले?

निळी चड्डी, पिवळी टोपी

स्वराज्य आले. पण दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला, बाबा रे, आता तुझा धनी बदलला, असे कोणी धडपणे सांगितले नाही. मुंबई राज्याचा पोलीस कायदा १९५१ साली झाला, तोच दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. मिरवणुकीचा मार्ग, वाद्यांची परवानगी, गर्दीचे नियमन ही सारी कलमे त्यात आहेत. माणसाशी बोलावे कसे, हे काही कलमाने यायचे नाही.

तरी आमच्या आठवणीतला पहिला पोलीस वाईट नाही. आम्ही गिरगावच्या चाळीत वाढलो. निळा गणवेश, आखूड चड्डी आणि डोक्यावर पिवळी टोपी असा तेव्हाचा मुंबईचा शिपाई होता. सहा-सात वर्षांचे असू. अनंत चतुर्दशीच्या गर्दीत वडिलांचे बोट सुटले. एका हवालदाराने आम्हांस उचलले. आम्ही अधिकच मोठ्याने रडू लागलो, कारण घरी नेहमी दाखविली जाणारी भीती प्रत्यक्ष अंगाला येऊन भिडली होती. त्याने खांद्यावर बसवून घेतले आणि म्हणाला, "पोरा, रडू नको. तुझा बाप येईस्तोवर मी इथून हलत नाही." दोन गणपती समोरून गेले, मग चार गेले. वडील आले तेव्हा अंधारले होते. तो खरेच हलला नव्हता. त्याचे नाव वडिलांनी विचारले असेल, आम्हांस ठाऊक नाही. खांद्यावरची ती खाकी नव्हे, निळी उंची मात्र अजून आठवते.

सर्वांच्या आठवणी अशा गोड नाहीत, हे लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९७२ च्या मार्चमध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. ती तेथे गेली होती ती घरच्यांनी केलेल्या तक्रारीच्या निमित्ताने. आरोपी पोलिसांना उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत स्त्रीवर अत्याचार झाल्याचा आरोप असेल आणि तिने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे तेव्हापासून ठरले. हा बदल एका मुलीच्या दुःखातून आला. आम्ही सणाच्या पानावर तिची आठवण काढतो याबद्दल वाचकांनी राग धरू नये. गौरी ज्या घरी येतात त्या घरांनी तरी ती ठेवली पाहिजे.

आणि पोलिसाला स्वतःला कसे वागविले जात होते? १९८२ साली मुंबईने ते पाहिले. बारा-बारा, सोळा-सोळा तासांची चाकरी, कोंदट खोल्या, तुटपुंजा पगार आणि साहेबांच्या घरची हलकी कामे यांनी शिपाई पिचला होता. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला शिपायांनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टला त्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि शहर पेटले. लष्कराला पाचारण करावे लागले. गणेशचतुर्थी अवघ्या काही दिवसांवर होती. संघटनेची मान्यता गेली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्या माणसाशी त्याचे वरिष्ठ दिवसभर अरेतुरेने बोलतात, त्याने रात्री फिर्याद घेऊन आलेल्या म्हातारीला 'या आजी, बसा' म्हणावे अशी आपली अपेक्षा असते. काही जण तसे म्हणतातही. त्यांचे आम्हांस नवल वाटते. आठ तासांची पाळी मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात प्रथम करून पाहिली गेली, आणि ती सुचविली होती ती एका शिपायानेच. बंडानंतर चौतीस वर्षांनी! गणपतीचे दहा दिवस आले, की पाळ्यांचे वेळापत्रक आजही बाजूला पडते, ते निराळेच. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्याही पुढे जाते. लक्ष्मी रस्त्यावरच्या दोरखंडाजवळ सकाळी उभा केलेला जवान दुसऱ्या दिवशीही तेथेच दिसतो.

चौपाटीवर

गिरगावच्या ज्या चौपाटीवर आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणत बाप्पाला निरोप देतो, तेथेच २६ नोव्हेंबर २००८ च्या मध्यरात्री नाकाबंदीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे उभे होते. साताऱ्याच्या जावळी खोऱ्यातील केडंबे हे त्यांचे गाव. समोर स्वयंचलित बंदूक, यांच्या हाती लाठी. त्यांनी बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही. म्हणून अजमल कसाब जिवंत हाती लागला. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. दाराशी उभा असलेला तो पार्वतीचा बालक आम्हांस त्या रात्रीच्या वृत्तांतात दिसला.

आणि आपण? २०१६ च्या गणेशोत्सवात कल्याणला विसर्जनाच्या तळ्यावर शिस्त लावू पाहणाऱ्या एका फौजदाराला तरुणांनी पाण्यात बुडविण्याचा प्रयत्न केला. गणपतीच्या विसर्जनाला! त्याच्या काही दिवस आधी मुंबईत खार येथे वाहतूक शाखेचे विलास शिंदे मारहाणीने प्राणास मुकले होते. भोंग्याचा आवाज रात्री दहानंतर बंद करा म्हणणाऱ्या शिपायाला आपल्याच मंडळातली पोरे काय काय बोलतात, ते मांडवाच्या मागे उभे राहून एकदा ऐकावे. उलट बाजूही आहे. २०२३ च्या जूनमध्ये आळंदीला माउलींच्या पालखीच्या प्रस्थानदिवशी पोलीस आणि वारकरी यांच्यात झटापट झाली. लाठ्या चालविल्याचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला. चित्रफिती साऱ्या महाराष्ट्राने पाहिल्या आणि ज्याचे त्याने मत बनविले. रोह्याला धावीर महाराजांच्या पालखीला सशस्त्र पोलीस मानवंदना देतात, ती पाहताना अंगावर रोमांच उभे राहतात. पालखीतल्या देवाला जी अदब मिळते तिचा चतकोर वाटा पालखीमागून चालणाऱ्याला मिळाला, तर देव काही रागावणार नाही.

कायद्याने आपल्या हाती पूर्वीपेक्षा पुष्कळ दिले आहे आणि ते घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. अटक करताना पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी हवी, नातलगाला कळविले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविलीच पाहिजे, हा २०१३ चा निर्णय. ठाण्यांत कॅमेरे बसवा, हा २०२० चा. पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकण्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे असे २००६ साली ठरले. महाराष्ट्रात त्यासाठी कायद्याची दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडले. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे गुन्हा कोठेही घडला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. स्त्रियांना, पंधरा वर्षांखालील मुलांना आणि साठ वर्षांवरील वृद्धांना साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल तर पोलिसांनी घरी यावे, ठाण्यात बोलावू नये. ही शेवटची तरतूद आमच्या वहिनींना ठाऊक असती, तरी त्यांच्या उपयोगी पडली नसती. कारण त्या आपल्या पायांनी गेल्या होत्या.

ती हकीकत सांगून हे लांबलेले लेखन आवरतो. काही वर्षांपूर्वी गौरी-विसर्जनाच्या गर्दीत वहिनींच्या गळ्यातले मंगळसूत्र गेले. शहराचे आणि ठाण्याचे नाव सांगत नाही. आम्ही त्यांना घेऊन ठाण्यावर गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारले, "गर्दीत दागिने घालून जाता कशाला?" वहिनींचे वय सत्तरीचे. सणाच्या दिवशी मंगळसूत्र काढून ठेवायचे, हे त्यांना या जन्मात सुचले नसते. त्या काही बोलल्या नाहीत. पदर गळ्याभोवती घट्ट ओढून बाकावर बसल्या. अडीच तास गेले. 'गहाळ झाले असे लिहून द्या,' असे दोनदा सुचविण्यात आले. चोरी लिहिली तर तपास करावा लागतो, हे न कळण्याइतके आम्ही भोळे नव्हतो.

मग पाळी बदलली. एक तरुण महिला शिपाई आली. तिने आधी पाण्याचा तांब्या आणला, वहिनींच्या शेजारी बाकावर बसली आणि म्हणाली, "आजी, मण्यांच्या किती सरी होत्या, वाट्या कशा होत्या, आठवेल तसं सांगा. घाई नाही." वहिनी तेव्हा प्रथम रडल्या. फिर्याद चोरी म्हणून लिहिली गेली, प्रत मिळाली, मंगळसूत्र मिळाले नाही.

तेव्हापासून दरवर्षी गणपतीत वहिनी एकवीस मोदकांचा डबा त्या ठाण्यावर पाठवितात. नेण्याचे काम आमच्याकडे. सार्वजनिक गणपती बोळविल्यावर दुसऱ्या दिवशी ठाण्याचा स्वतःचा गणपती निघतो, तेव्हा ती मंडळी जरा मोकळी असतात, म्हणून तो दिवस ठरलेला आहे. गेल्या वर्षी गेलो तर त्या मुलीची बदली झाली होती. जागरणाने डोळे तांबारलेले एक हवालदार गुलाल पुशीत बाहेर आले, डबा हातात घेऊन उभे राहिले आणि कोणासाठी, कशासाठी हे सगळे त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "आजींच्या त्या फिर्यादीचा नंबर आहे का तुमच्याकडे? द्या, परत एकदा बघतो."